बेथसैदा नेमकं कुठलं? टेकडीवरचं एत-तेल की तळ्याकाठचं एल-अराज?

सुकेळी

नमस्कार मंडळी,

आईच्या अल्बमसाठी हा धागा काढतेय. २०१९ च्या नोव्हेंबरात मी आणि आई वसईहून आमच्या धर्मग्रामाच्या लोकांबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला गेलो होतो. त्या वेळचे फोटो आता कुठे छापून घेतले. आईची अट एकच, प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव हवं आणि ते बरोबर हवं. बाकी सगळे लिहून झाले, एका फोटोवर गाडी अडलीय.

फोटोत आई काळ्या दगडांच्या एका जाडजूड दरवाज्यात उभी आहे. शेजारी दोन पायऱ्या चढून एक उभा दगड, त्यावर शिंगं असलेली आकृती कोरलेली. बाहेरच्या फलकावर 'बेथसैदा' लिहिलेलं होतं. गाईड म्हणाला, हेच येशूचा शिष्य पेत्र याचं गाव. आईने चपला काढल्या, उंबऱ्याच्या दगडाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तिचे वडील मासेमारी करायचे. पेत्र तिला घरच्या माणसासारखा वाटतो.

दुपारी जेवायला थांबलो तिथे दुसऱ्या एका गटाचा गाईड होता. तो म्हणाला, ते टेकडीवरचं बेथसैदा नव्हेच. खरं गाव खाली पाण्याजवळ आहे आणि तिथे यंदाच एका जुन्या चर्चचे अवशेष उघडे झालेत. दोघा गाईडांची बरीच बाचाबाची झाली, तेवढ्यात बस निघायची वेळ झाली. हॉटेलवर पोचेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "मग मी पाया कुणाच्या पडले?"

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेथसैदा म्हणजे 'मासेमारीचं घर', इस्रायलमधल्या गालीलच्या तळ्याजवळचं गाव. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र, अंद्रिया आणि फिलिप्प या तिघांचं गाव म्हणून ते येतं. मार्कात येशू तिथे एका आंधळ्याला गावाबाहेर नेऊन दृष्टी देतो. लूक पाच हजारांच्या जेवणाची घटना त्याच परिसरात सांगतो. एवढं नाव असलेलं गाव नकाशावर पक्कं का करता येत नाही? श्रद्धेवर वाद नको, जमिनीत काय सापडलं ते जाणकारांनी सांगावं.

थरावर थर

सुकेळी, तुमच्या आईंचा प्रश्न पुरातत्त्वाच्या वर्गात विचारावा असा आहे. माझं एम.ए. त्याच विषयात झालं, त्यामुळे हा वाद बरीच वर्षं वाचतोय.

आधी लिखित पुरावा. योसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार. तो सांगतो की हेरोद राजाचा मुलगा फिलिप्प (वरचा शिष्य नव्हे) याने तळ्याजवळच्या बेथसैदा गावाला शहराचा दर्जा दिला आणि त्याचं नाव 'युलियास' ठेवलं. हाच फिलिप्प इ.स. ३४ मध्ये युलियासलाच वारला. म्हणजे आपण नुसतं कोळ्यांचं गाव शोधत नाही आहोत. कोळ्यांच्या गावावर रोमन धाटणीचं छोटं शहर वसलेलं दिसायला हवं. ही अट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन १८३८ मध्ये या भागात फिरला आणि त्याने एत-तेल या टेकडीवर बोट ठेवलं. 'तेल' म्हणजे एकावर एक वस्त्या बसून झालेली पांढरीची टेकडी. आपल्याकडे गावाबाहेर पांढर असते तसंच, फक्त कितीतरी मोठं. पुढे त्याच शतकात गोटलिब शूमाखरने शंका काढली, की मासेमारीचं गाव पाण्यापासून दोनेक किलोमीटर आत आणि उंचावर कसं असेल? त्याने तळ्याकाठचं एल-अराज सुचवलं. तेव्हापासून हे भांडण चालू आहे.

एत-तेलला रामी अराव यांनी १९८७ मध्ये उत्खनन सुरू केलं ते काही दशकं चाललं. तिथे जे निघालं ते थक्क करणारं आहे. चार दालनांचा भव्य नगरदरवाजा, शेजारी पूजास्थान आणि बैलाच्या डोक्याची, शिंगांची आकृती कोरलेली शिळा. तुमच्या फोटोत तिचीच प्रतिकृती दिसतेय. बहुतेक अभ्यासक तिचा संबंध चंद्रदेवतेशी जोडतात.

पण हा दरवाजा इसवीसनपूर्व आठव्या शतकातला आहे. अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याने इ.स.पू. ७३२ च्या स्वारीत हे शहर जाळलं. पेत्र जन्मला तोवर या दरवाज्याला पडून सातशेहून जास्त वर्षं झाली होती. टेकडीवर नंतर वस्ती झाली, ती जुन्या शहराच्या ढिगाऱ्यावर. म्हणजे बेथसैदा इथलं असो वा नसो, तुमच्या आईंनी हात लावला तो दगड पेत्राने पाहिलेला नाही.

खाडीवाला

अर्नाळ्याकडचा आहे. तीन पिढ्या मासेमारीत गेल्या, पुस्तकी ज्ञान नाही, म्हणून फक्त पाण्याचं बोलतो.

थरावर थर साहेब, "पाण्यापासून दोन किलोमीटर आत, म्हणून मासेमारीचं गाव नाही" हे मला पटत नाही. आमच्या शेजारचं सोपारा बघा. पूर्वी तिथवर गलबतं यायची, आज नालासोपाऱ्यात उभं राहून समुद्र दिसतो का? खाडी गाळाने भरली, बंदर आत राहिलं. कुठल्याही नदीच्या मुखाशी हेच होतं. नदी गाळ आणून टाकते, किनारा पुढे सरकतो, गाव जागच्या जागी राहून पाण्यापासून लांब जातं. यार्देन (जॉर्डन) नदी उत्तरेकडून त्याच कोपऱ्यात तळ्याला मिळते ना? मग दोन हजार वर्षांत किती गाळ टाकला असेल?

आणि टेकडीवर मासेमारीचं काही सापडलं की नाही, तेही सांगा.

थरावर थर

खाडीवाला, एत-तेलची बाजू मांडणारे हेच म्हणतात. भूकंप, दरडी, पुराने वाहून आलेली माती यांनी किनारा दक्षिणेला ढकलला, पूर्वी पाणी टेकडीच्या पायथ्याजवळ होतं, असा त्यांचा दावा आहे.

मासेमारीचं सामानही सापडलं. अंगणाभोवती खोल्या असलेलं एक घर आहे, त्याला 'मच्छीमाराचं घर' असंच नाव पडलंय. त्यात जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणि सुई निघाली. दुसऱ्या घराला 'द्राक्षमद्यवाल्याचं घर' म्हणतात. दोन्ही घरं रोमपूर्व ग्रीक काळ ते रोमन काळ या टप्प्यातली.

खाडीवाला

शिशाची वजनं म्हणजे पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) काठाला ओवतात तसल्या गोळ्या असणार. पत्र्याची पट्टी कापून दोरीवर वळवायची, दाताने किंवा हातोडीने दाबायची. माझे वडील अंगणात बसून हेच काम करायचे. पण साहेब, माझ्याच मुद्द्याविरुद्ध बोलतो. पाग घरी आणून दुरुस्त करतात. गोळ्या घरात सापडल्या तर तिथे मासेमारी करणारा राहायचा एवढंच ठरतं, पाणी दारात होतं हे ठरत नाही. आमच्या नात्यातले कितीतरी लोक किनाऱ्यापासून लांब राहून रोज बंदरावर जातात.

थरावर थर

अगदी बरोबर बोललात. इतकं नेमकं मी वर्गात ऐकलं नव्हतं.

आता खालच्या जागेकडे येऊ. एल-अराज यार्देनच्या मुखाजवळ, बेतैहा नावाच्या पाणथळ सपाटीवर आहे. तिथे 'बेत हा-बेक' या ऑटोमन काळातल्या वाड्याचे भग्नावशेष आहेत. बराच काळ ही जागा बाद ठरवली जायची. कारण असं दिलं जायचं की रोमन काळी तळ्याची पातळी समुद्रसपाटीखाली सुमारे २०९ मीटर होती, म्हणजे ही जागा तेव्हा पाण्याखाली असणार.

किन्नेरेत कॉलेजचे मोर्देखाय अवियाम आणि अमेरिकेचे स्टीव्हन नॉटली यांनी २०१६ पासून तिथे रीतसर उत्खनन सुरू केलं. २०१७ मध्ये बायझंटाइन, म्हणजे साधारण चौथ्या ते सातव्या शतकातल्या, थराच्या साधारण दोन मीटर खाली, समुद्रसपाटीखाली २११ मीटरवर, रोमन थर लागला. पहिल्या ते तिसऱ्या शतकातली खापरं, नाणी, त्यात सम्राट नीरोचं इ.स. ६५-६६ चं चांदीचं नाणं. शिवाय रोमन पद्धतीच्या हमामखान्याच्या खुणा.

एवढ्या एका थराने दोन गोष्टी झाल्या. पाण्याच्या पातळीचा जुना हिशेब मोडला, कारण लोक तिथे राहत होते तर ती जागा कोरडी होती. आणि खाडीवाल्यांच्या गाळाच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं. पहिल्या शतकातली वस्ती आजच्या किनाऱ्यालगत असेल, तर तेव्हाचा किनारा दोन किलोमीटर आत टेकडीच्या पायथ्याशी नव्हता. सोपाऱ्याचं उदाहरण तत्त्व म्हणून बरोबर आहे, या जागेला मात्र लागू पडत नाही.

हमामखान्याला मी फार वजन देतो. साध्या कोळीवाड्यात कोणी गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह बांधत नाही. वर म्हटलं ती 'शहर झालेलं गाव' ही अट इथे पुरी व्हायला लागते. एत-तेलला रोमन काळातलं बांधकाम फार थोडं आहे. अराव एका इमारतीला रोमन मंदिर मानतात, अनेकांना ते पटलेलं नाही.

सुकेळी

मनापासून धन्यवाद दोघांना. जेवायच्या ठिकाणी ऐकलेल्या त्या चर्चचं पुढे काय झालं? आईला तेच हवं आहे.

थरावर थर

मोठं चर्च आहे, पाचव्या-सहाव्या शतकातलं, जमिनीवर नक्षीदार मोझाइक. इ.स. ७२५ च्या सुमारास विलिबाल्ड नावाचे, पुढे बिशप झालेले यात्रेकरू या भागातून गेले. ते तळ्याकाठच्याच कफर्णहूम गावाहून बेथसैदाला आले आणि पेत्र-अंद्रियाच्या घराच्या जागी तिथे चर्च उभं असल्याचं त्यांच्या प्रवासवृत्तांतात आहे. उत्खननकर्त्यांचं म्हणणं, हेच ते चर्च.

२०२२ मध्ये त्याच इमारतीतल्या एका बाजूच्या खोलीत ग्रीक शिलालेख मिळाला. जमिनीवर काळ्या खड्यांच्या दुहेरी रेषेचं वर्तुळ, आत अक्षरं. 'ख्रिस्ताचा सेवक कॉन्स्टंटाइन' अशा दात्याचं नाव आहे आणि 'स्वर्गीय प्रेषितांचा प्रमुख आणि सेनापती' याच्याकडे मध्यस्थीची याचना आहे. बायझंटाइन लेखक ही पदवी पेत्रासाठी वापरत. हा कॉन्स्टंटाइन सम्राट नव्हे, चर्चला देणगी देणारा कोणी.

जुनी वही

शिलालेख सुंदर आहे यात वाद नाही, पण घाई नको. चर्च पेत्राच्या नावाचं होतं असं मानलं, तरी त्यावरून सहाव्या शतकातले यात्रेकरू काय मानत होते एवढंच कळतं. मध्ये चार-पाचशे वर्षं गेली. कफर्णहूमलाही पाचव्या शतकातलं अष्टकोनी चर्च 'पेत्राच्या घरावर' उभं आहेच, आणि मार्काच्या पहिल्या अध्यायात पेत्राचं घर कफर्णहूमलाच आहे.

मला विचाराल तर चर्चपेक्षा योसेफसचं आत्मचरित्र जास्त बोलकं आहे. रोमनांविरुद्धच्या बंडात तो स्वतः युलियासजवळ लढला. दलदलीत त्याचा घोडा घसरला, मनगट दुखावलं आणि त्याला कफर्णहूमला नेलं. त्याच प्रसंगात तो सांगतो की तळ्याकाठच्या तारिखिया गावाहून शिपाई होड्यांनी युलियासला आल्याचं कळताच शत्रू मागे हटला. दलदल आणि होड्या, दोन्ही खालच्या जागेशी जुळतात. हा माणूस तिथे प्रत्यक्ष होता, आणि पडला म्हणून चिखल त्याच्या लक्षात राहिला.

थरावर थर

जुनी वही, मान्य. चर्च हा परंपरेचा पुरावा. निर्णय खालच्या रोमन थरावरच व्हायला हवा.

बंदर सोपारा

सोपाऱ्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बायबलमधल्या शलमोन राजाची जहाजं जिथून सोनं आणायची ते ओफीर म्हणजे आपलं सोपारा, असं लहानपणापासून ऐकलंय. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात त्याचा उच्चार 'सोफीर'च्या जवळ जातो आणि योसेफसही ते भारतात असल्याचं सांगतो. मग बेथसैदासारखं याचंही ठरवता येईल का?

थरावर थर

ऐकायला गोड आहे आणि अनेक मोठ्या अभ्यासकांना हा मोह झालाय. पण वरचीच कसोटी लावा. शलमोनाचा काळ इसवीसनपूर्व दहावं शतक. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला, अशोकाच्या लेखाचे तुकडे मिळाले, तो काळ इसवीसनपूर्व तिसरं शतक. मधली सातशे वर्षं रिकामी आहेत. आईंच्या फोटोतल्या दरवाज्यात आणि पेत्रात होतं साधारण तेवढंच अंतर, फक्त उलट्या दिशेने. तेल अवीवमधल्या तेल कासीलेला इसवीसनपूर्व आठव्या शतकातलं एक खापर मिळालंय, त्यावर 'ओफीरचं सोनं, बेथ-होरोनसाठी, ३० शेकेल' अशी नोंद आहे. म्हणजे ओफीरच्या सोन्याची ख्याती खरी, पण ओफीर कुठे ते खापर सांगत नाही. नुसत्या नावाच्या साम्यावर गाव ठरवू नये.

खरी खात्री कशी होते त्याची दोन उदाहरणं देतो. गेजेरच्या टेकडीजवळ १८७४ मध्ये क्लेरमाँ-गानोला खडकावर 'गेजेरची हद्द' अशी कोरलेली अक्षरं मिळाली. तेल मिक्नेला १९९६ मध्ये मंदिराचा शिलालेख निघाला, त्यात एक्रोनच्या राजाचं नाव गावासकट आहे. दोन्ही ठिकाणी वाद मिटला. बेथसैदा किंवा युलियास अशी अक्षरं असलेला दगड दोन्हींपैकी एकाही जागी मिळालेला नाही. म्हणून मी "एल-अराज बहुधा" म्हणतो, "नक्की" म्हणत नाही.

मुक्काम अश्दोद

शालोम सगळ्यांना. मूळचे आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू, लहानपणी आईवडिलांबरोबर इथे इस्रायलला आलो. घरात अजून मराठी चालते.

पुस्तकातलं तुम्ही सांगितलंत, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आम्ही त्या तळ्याला किन्नेरेत म्हणतो. एकवीस किलोमीटर लांब, तेरा रुंद, गोडं पाणी. एखाद्या वर्षी पाऊस नाही झाला की काठ इतका मागे जातो की दगडगोटे पार करत पाण्यापर्यंत चालावं लागतं. १९८६ साली असंच पाणी हटलं तेव्हा गिनोसारच्या दोघा भावांना चिखलात जुनी होडी दिसली. येशूच्या काळातली, आठ मीटरांहून थोडी लांब. आता ती तिथल्या संग्रहालयात ठेवलीय. आणि २०२० च्या हिवाळ्यात इतका पाऊस झाला की एल-अराजचं उत्खननच पाण्याखाली गेलं. म्हणून मला वाटतं, "पाण्याच्या पातळीवरून सांगतो" म्हणणाऱ्या माणसाने आधी पाचदहा वर्षं त्या तळ्याकाठी काढावीत.

सुकेळी बाय, तुझ्या आईला माझा निरोप दे. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, आमची माणसं त्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. एलियाहू संदेष्ट्याचा रथ तिथे टेकला असं आम्ही मानतो. माझी आई इथून एवढ्या लांब गेली, तिथे मलिदा केला, नवस फेडला. त्या खडकाखाली कोणी उत्खनन केलं नाही आणि तिला त्याची गरजही नव्हती. तुझी आई ज्याला हात जोडायला गेली होती, त्यालाच तिने हात जोडले.

सुकेळी

काका, हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने चष्मा काढून पुसला आणि परत वाचायला लावलं.

पण ती म्हणते, पाया पडणं वेगळं आणि फोटोखालचं नाव वेगळं, नाव बरोबरच हवं. थरावर थर, मग त्या दरवाज्याखाली काय लिहू? तो दरवाजा होता तरी कुणाचा?

थरावर थर

आई एकदम बरोबर बोलल्या. एत-तेलचं ते जुनं शहर म्हणजे गशूर राज्याची राजधानी, असं उत्खननकर्ते मानतात आणि बऱ्याच जणांना ते पटतं. बायबलच्या २ शमुवेल या पुस्तकात दाविद राजाची एक राणी माका येते, ती गशूरचा राजा तलमय याची मुलगी. अबशालोम तिचाच मुलगा. भावाला मारून तो पळाला तेव्हा तीन वर्षं गशूरलाच राहिला, म्हणजे आजोळीच. फोटोतला दरवाजा अबशालोमाच्या नंतरच्या काळात बांधलेला आहे, त्यामुळे तो त्यातून गेला असं मात्र लिहू नका.

जुनी वही

आणि राजधानीची ओळखसुद्धा 'बहुधा' याच खान्यात ठेवा. तिथेही नावाचा दगड मिळालेला नाही.

सुकेळी

लिहिलं. आईने स्वतःच्या हाताने, बॉलपेनने: "एत-तेल, गालील तळ्याच्या उत्तरेला. जुन्या शहराचा दरवाजा, इसवीसनपूर्व आठवं शतक. बहुधा गशूर, अबशालोमाचं आजोळ. नोव्हेंबर २०१९."

शेजारची चौकट तिने रिकामी ठेवलीय. पुढच्या वर्षी माझा मावसभाऊ यात्रेला जाणार आहे, त्याला एल-अराजचा फोटो आणायला सांगितलंय. काका, बसने तिथवर जाता येतं का?

मुक्काम अश्दोद

शेवटचा टप्पा चालावा लागतो. बूट घालून जायला सांग, चपला नको, बोरूच्या झाडीत पाय रुततात. आणि सकाळी लवकर, दुपारी डास फार. निघायच्या आधी मला इथेच कळव, तब्येत बरी असली तर मीही येईन त्याच्याबरोबर.